मुंबईपर्यंतचं लंडन

मुंबई ते लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास, आणि जाताना विमानाला साडेनऊ-दहा तास लागतात. जावईबापूंनी तिकिटांसोबत हे पाठवलं आणि खाली लिहिलं, 'एका झोपेत पोचाल.' जावई नागपूरचे. कोथरूडहून सहार गाठणं म्हणजे काय, त्यांना कुठून कळणार?

विमान सकाळी सातचं, म्हणून आदल्या रात्री दहाची शेअर कॅब. ती मुंबईकडे निघायच्या आधी औंधला गेली, मग वाकडला. वाकडच्या त्या सोसायटीच्या गेटवर आम्ही चांगला पाऊण तास उभे. "काका, लिफ्टमध्येच आहेत," ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी सांगायचा. शेवटी जे जोडपं खाली आलं त्यांच्या सहा बॅगा, त्यातल्या दोन थेट माझ्या पायाशी. ह्यांनी घड्याळ दाखवलं तर बाई म्हणतात, "अहो, इतक्या लवकर जाऊन करायचंय काय तिथे?" पुण्याची असूनही मी गप्प बसले, याची कुठेतरी नोंद व्हावी.

पुढे ड्रायव्हरच्या चहासाठी फूड मॉल. मग घाटात ट्रकांची रांग. वाशीच्या पुलावर अडीच वाजले, टर्मिनल दोनला सव्वातीन. दीडशे किलोमीटरला सव्वापाच तास! ताशी नऊशेच्या वेगाने विमानाला एवढ्याला दहा मिनिटं लागतात, हा हिशेब ह्यांनी मला बोर्डिंगच्या रांगेत करून दाखवला. मला तेव्हा नको होता.

लोहगावहून थेट का नाही? विमानतळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे. पोटभर इंधन घेऊन युरोपला निघालेल्या अवजड विमानाला तेवढी लांबी लागते. फ्रँकफर्टला एकेकाळी पुण्याहून छोटं विमान जायचं, तेही बंद झालं. पुरंदरच्या विमानतळाचं मी माझे केस काळे होते तेव्हापासून ऐकतेय.

विमानात जेवलो, झोपलो, उतरलो. लंडन छान आहे, नात त्याहून छान.

येताना पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे जवळजवळ तासभर वाचला. तो सायन-पनवेल रस्त्याने व्याजासकट वसूल केला.

पुढच्या खेपेला लोहगावहून दिल्ली आणि दिल्लीहून लंडन, असं मी ठरवून टाकलंय. अंतर सहा-सातशे किलोमीटरनी वाढेल, वाढू दे. बॅगा पुण्यातच द्यायच्या, घाट नाही, वाकड नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, डिसेंबरात येणार आहेस ना? दिल्लीचं धुकं बघितलंयस का?"