इम्प्लांटची कॅप: सिमेंटची की स्क्रूची?

दाताचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडातलं कृत्रिम मूळ बसवणं, हाड धरेपर्यंत थांबणं, मापं देणं, सगळं सुरळीत झालं. तक्रार आहे ती वरच्या कॅपबद्दल, म्हणजे त्यावर बसवलेल्या दाताबद्दल. ती सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने आवळणार, हे मला त्या क्लिनिकमध्ये कुणी सांगितलंच नाही.

माझी सिमेंटची निघाली. पुढे भाकरी चावताना ती हलायला लागली. इम्प्लांट हाडात घट्ट होतं, सैल झाला होता तो कॅपच्या आतला स्क्रू; सिमेंटची कॅप ज्या जोडतुकड्यावर चिकटवतात, तो इम्प्लांटला स्क्रूनेच धरलेला असतो. स्क्रूची कॅप असती तर वरचं फिलिंग उकरायचं, खालची टेफ्लॉन टेप ओढून काढायची, स्क्रू आवळायचा, झालं. सिमेंटच्या कॅपमध्ये स्क्रू नेमका कुठे आहे याचा अंदाज घेत धडधाकट कॅपला वरून भोक पाडावं लागतं.

त्यालाही मी तयार होतो. पण नव्या डॉक्टरांनी विचारलं, "इम्प्लांट कुठल्या कंपनीचं?" कंपनीगणिक स्क्रू वेगळा, त्याचा ड्रायव्हर वेगळा. चुकीचा लावला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघता निघत नाही. जुन्या क्लिनिकला फोन केला. "ताई, फक्त कंपनी आणि साइज सांगा." "सर आले की कळवते." मग फाइल दुसऱ्या ब्रँचला. मग सर बाहेरगावी. पावतीवर नुसतं 'इम्प्लांट व कॅप'. इम्प्लांटच्या पाकिटात कंपनी, साइज, लॉट नंबर छापलेली स्टिकर्स येतात, त्यातलं एक पेशंटच्या कार्डावर लावायचं असतं. एवढी मोठी रक्कम मोजून घेतली आणि तेवढं एक स्टिकर दिलं नाही, याचा राग अजून जात नाही. तोवर मी आपला एका बाजूने जेवत होतो.

शेवटी नव्या डॉक्टरांनी एक्स-रेमधल्या आकारावरून कंपनी ओळखली. नवी कॅप मी स्क्रूचीच करून घेतली.

सिमेंट वाईटच असं नाही. पुढच्या दातात इम्प्लांट तिरकं असेल तर स्क्रूचं भोक ओठाच्या बाजूला दिसतं, तिथे सिमेंट बरं पडतं. हल्ली साधारण 25 अंशांपर्यंत वळवलेल्या वाटेनेही स्क्रू घालता येतो, तेही विचारा. सिमेंटच करायचं ठरलं तर कॅप बसल्यावर एक्स-रे मागा. हिरडीखाली राहिलेल्या सिमेंटमुळे सूज येते, पुढे हाडही झिजतं. काही सिमेंट एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून दिसणारंच वापरायला सांगा.

आणि हो, स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे नेमका किती जोर लावायचा ते ठरवणाऱ्या पान्याने आवळतात ना, ते बघा. स्टिकरचा फोटो त्याच दिवशी मोबाइलमध्ये घ्या.