काटाही खोटा आणि इंजिनही गरम: जुन्या गाडीतले दोन बिघाड

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत टेम्परेचरचा काटा दहा मिनिटांत लालवर जायला लागला, की बहुतेक जण थेट थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा वॉटर पंप बदलायला घेतात. मी आधी पाण्याचं तापमान मोजलं. इंजिन तापतंय की मीटर चुकतंय, हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरला तर आकडा बराच कमी येतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर मोजलं. काटा लालवर होता, टेपवर ८४ अंश सेल्सिअस. ८२ अंशांना उघडणाऱ्या थर्मोस्टॅटच्या इंजिनाला हे तापमान योग्यच. म्हणजे दोष मीटरच्या बाजूला होता.

इग्निशन ऑन ठेवून सेंडरची, म्हणजे इंजिनावर बसून पाण्याचं तापमान मीटरला कळवणाऱ्या सेन्सरची, वायर काढली. काटा सावकाश खाली येऊन थंडवर थांबला. तो वरच राहिला असता, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय असं समजायचं. मग तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली आणि काटा चढायला लागताच लगेच काढली. ही चाचणी दोन-तीन सेकंदांच्या वर नेऊ नका. मीटरमधून पूर्ण करंट जातो आणि आतली कॉइल जळू शकते. या दोन चाचण्यांनी वायर आणि मीटर जिवंत आहेत एवढंच कळतं, काटा बरोबर दाखवतो की नाही ते कळत नाही.

खरा धागा मिळाला तो पेट्रोलच्या मीटरवर. टाकी अर्धी असताना तो फुल दाखवत होता. दोन्ही काटे एकदम वर असले की सेंडरला हात लावायची गरज नाही. अशा गाड्यांत दोन्ही मीटरना डॅशबोर्डमागचा छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट पुरवतो. त्याचं अर्थिंग तुटलं की बॅटरीचा सगळा व्होल्टेज, इंजिन चालू असताना साधारण १३.८, थेट मीटरवर जातो. या मीटरमध्ये बायमेटलची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) पट्टी तापून काटा हलतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्होल्टेज १.३८ पट झाला की पट्टी जवळजवळ १.९ पट तापते. काटा लालवर जायला एवढं पुरतं.

स्टॅबिलायझर मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या प्रकारात आतला कॉन्टॅक्ट सतत उघडबंद होतो, त्यामुळे डिजिटल मल्टीमीटरवर आकडे नुसते उड्या मारतात. टेस्ट लॅम्प जोडा: लुकलुकला तर तो काम करतोय, एकसारखा जळत राहिला तर नाही. माझा एकसारखा जळत होता. ज्या स्क्रूने तो बॉडीला अर्थ होतो, त्याखाली हिरवट गंज जमला होता. सँडपेपरने धातू उघडा केला, स्क्रू घट्ट केला, आणि लॅम्प लुकलुकू लागला. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला, टेम्परेचरचा मध्यावर.

पण काम संपलं नव्हतं. लांब चढावर काटा पुन्हा वर गेला, आणि आता तो खरं सांगत होता. टेपवर १०२ अंश, तर थर्मोस्टॅटच्या पुढे रेडिएटरकडे जाणारा वरचा होस पाइप जेमतेम ७० अंश. गरम पाणी हाउसिंगपाशीच अडत होतं. रेडिएटर चोंदला असता तर वरचा होसही तितकाच तापला असता. फक्त गर्दीत, गाडी थांबली की तापत असेल तर आधी फॅन आणि त्याचा स्विच बघावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे सतत येत असतील आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय धरावा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना उघडलं तर दाब सुटून पाणी उसळतं आणि हात, चेहरा भाजतो. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवला. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर तो पाण्याआधीच तापतो. त्यावर ८२ कोरलेलं होतं, पण फट दिसली ९३ अंशांना, आणि पाणी उकळलं तरी फट ३ मिलिमीटरच. चांगला थर्मोस्टॅट तोवर साधारण ८ मिलिमीटर उघडतो. तो काढूनच टाका, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका: इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते.

नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा सुटायचं बारीक छिद्र वर. हाउसिंगचं गॅस्केट नवंच घ्यावं. सेंडर काढलाच असेल तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भारंभार गुंडाळू नका. सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, आणि तो कमजोर झाला की काटा खरा ताप कमी दाखवतो. इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधला फरकही मोजला: दिवे लावून, इंजिन चालू ठेवून ०.१ व्होल्ट, ठीक.

शेवटचं काम हवा काढायचं. अडकलेली हवा सेंडरपाशी थांबली तर काटा थंड दाखवतो आणि हेड मात्र भाजत राहतं, म्हणून इथे घाई नको. गाडीचं तोंड उंचावर ठेवलं, हीटर पूर्ण उघडला, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण हळूहळू ओतलं आणि वरचा होस दाबत राहिलो. हीटरमधून गरम हवा यायला लागल्यावर इंजिन बंद करून थंड होऊ दिलं आणि पातळी पुन्हा भरली. त्याच चढावर टेपवर ८८ अंश आले, काटा मध्याच्या किंचित वर.