सागवानी बाकाला टाके : काम कुठवर आलं

बाकाची फळी सांधून झाली, पाय बाकी आहेत. फळी जुन्या घराची, सागवानी, सव्वा इंच जाड. एका टोकाला हातभर भेग आणि पुढचा कोपरा उडालेला. पुट्टी भरा आणि पॉलिश मारा, हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. पुट्टी तशीच राहते आणि वर्षभरात कडेने सुटते.

कोपऱ्याला रफू केलं. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर शालीतला धागा शक्यतो त्याच शालीच्या कडेतून काढतात. तसंच ठिगळ फळीच्याच दुसऱ्या टोकाच्या कापातून घेतलं. रंग जुळलाच, लाकडाच्या तंतूंच्या रेषाही जुळवून घेता आल्या. सांधा काटकोनात न घेता रेषांच्या कलाने तिरका घेतला. रेषांना आडवा गेलेला सांधा कितीही घट्ट बसवा, लांबूनच दिसतो.

भेग मात्र लपवायची नव्हती. ती आणखी उघडू नये म्हणून तिच्यावर शिसवाच्या दोन डमरू-खुंट्या, म्हणजे मधे अरुंद असलेले डमरूच्या आकाराचे तुकडे, आडव्या बसवल्या. अमेरिकन लाकूडकारागीर जॉर्ज नाकाशिमाची टेबलं पाहिलेल्यांना त्या ओळखीच्या वाटतील. खुंटीची रेषा भेगेला आडवीच हवी, नाहीतर डमरूची कंबर मोडते. खाचेची आखणी पेन्सिलीने नाही, सुरीने करावी. सुरीच्या चिरेत पटाशी आपोआप बसते, पेन्सिलीची रेघ तिच्यापुढे फारच जाड. खुंटीची खालची धार कानशीने किंचित मारली की ती खाचेत न अडकता उतरते. खोली फळीच्या जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवली.

दोन खुंट्यांच्या मधे गोधडीचा धावदोरा घातला, मेण लावलेल्या सुती दोरीचा. भोकं एका ओळीत पाडू नका. एकाच रेषेवर आली तर तिथूनच नवी चीर जाते, म्हणून एक आत, एक बाहेर. भोकांच्या कडा गोल केल्या नाहीत तर दोरी कापली जाते. पांढरी दोरी सागावर भडक दिसली, तेव्हा निळीत रंगवलेली घेतली. साशिको या जपानी भरतकामात निळ्यावर पांढरा टाका असतो. इथे सागाच्या पिवळसर तपकिरीवर निळाच शोभतो. या टाक्यांनी ताकद येत नाही, हे स्पष्ट सांगतो. भार खुंट्याच घेतात.

पुढे जवसाचं तेल, मग पाय. फळीखालच्या आडव्या पट्ट्यांत स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवणार आहे, म्हणजे पावसाळ्यात फळीला सरकायला जागा राहील. तेलावर मेण चढवायचं की नाही हे अजून ठरत नाही. दोरीवर मेणाचे डाग कसे टाळता, ते कुणी केलं असेल तर सांगा.