गोगलगायीचा चिकटा: औषधी किती, पाणी किती

काचेवरून सरकणारी गोगलगाय खालून पाहिली, तर पायाच्या तळव्यावर लाटा धावताना दिसतात आणि मागे चकाकती पातळ रेघ उरते. तिलाच डिवचलं तर ती फेसाळ, घट्ट चिकटा सोडते. म्हणजे चालण्याचा स्राव वेगळा, बचावाचा वेगळा. म्हणून कुणी ‘गोगलगायीचा अर्क’ म्हटलं की जात कोणती आणि स्राव कसा काढला, हे आधी विचारावं.

चिकट्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्वचेला लावायच्या क्रीमसाठी बहुधा कॉर्नू ॲस्पर्सम ही जात वापरतात. तिच्या स्रावातलं ॲलँटॉइन त्वचा मऊ ठेवतं. पण ॲलँटॉइन कारखान्यातही बनतं आणि साध्या मलमांत ०.५ ते २ टक्के घालतात. तेवढंच हवं असेल तर गोगलगाय कशाला?

खरं नवल आहे अचासिनचं. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीच्या चिकट्यातलं हे विकर (एन्झाइम) अमिनो आम्लांचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्यानं जीवाणू मरतात. अडचणही इथेच आहे. चिकटा उकळला की विकर निकामी होतं. शिवाय रक्तातलं कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइड फोडून टाकतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशमधला निकाल जखमेवर जसाच्या तसा मिळेल असं धरून चालू नये.

जिवंत गोगलगाय जखमेवर फिरवू नका, कच्चा चिकटा पिऊ नका. याच आफ्रिकन गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मीठ टाकून चिकटा काढणं तर क्रूरच. त्यानं प्राणी मरतो आणि हाती शुद्ध चिकटा लागत नाही, अंगातलं पाणीही त्यात उतरतं.

नीट काढायचा तर आधी गोगलगायी उपाशी ठेवून आतडं रिकामं होऊ देतात, धुतात, मग हलकेच उत्तेजित करून स्राव गोळा करतात. तो गाळत गाळत शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढला की जीवाणू मागे राहतात. पुढे परिरक्षक लागतोच, कारण प्रथिनं आणि पाणी एकत्र म्हणजे जीवाणूंना मेजवानी.

डबीवर ‘स्नेल सिक्रिशन फिल्ट्रेट ९० टक्के’ असेल, तर तो आकडा गाळलेल्या द्रवाचा, औषधी घटकांचा नव्हे.

घरातल्या धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) ॲलर्जी असणाऱ्यांना गोगलगायीचीही असू शकते. त्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावं. इतरांनी वाटाण्याएवढं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावं. खाज किंवा लाली आली तर लगेच धुवावं आणि ते क्रीम चेहऱ्यावर लावूच नये.