अचानक खर्च

दुपारी पिग्मीवाला आला. शंभराची नोट घेतली, हातातल्या यंत्रातून पावती फाडली आणि जाता जाता म्हणाला, “दादा, सहा महिन्यांचा खर्च तरी बाजूला हवा हो. अडीअडचणीला.”

कुठले सहा महिने? आमच्या श्रीवर्धनकडे खर्च महिन्यावर कधी मोजलाच नाही. सुपारीचे पैसे आले की दुकानदाराची उधारी फिटायची, आंब्याचे आले की कौलं चाळायची. कोळीवाड्यात तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांचे सुके बोंबील, तांदूळ, लाकूडफाटा मे महिन्यातच घरात.

आजीकडे मात्र अडीअडचणीचे पैसे असायचे. कुठे, ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण माळ्यावर चढायचं काम माझं. आमसुलांच्या बरणीमागे पावडरचा गंजका डबा, त्यात जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी. गाठ ती दातांनी सोडायची. नोटांना आमसुलांचा आंबूस वास यायचा. मोजून झाल्या की पुन्हा एकदा मोजायची, माझ्याकडे संशयाने बघत.

एकदा श्रावण संपता संपता बाबांनी हात पुढे केला. “आई, जरा अचानक खर्च आलाय.”

“कसला?”

“गणपतीचा.”

आजी नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, “गणपती दरवर्षी येतो. त्यात अचानक ते काय?”

तोच न्याय गळक्या छपराला आणि शाळेच्या फीला. लग्नालासुद्धा. “पोरगी झाली तेव्हाच कळलं नाही का?” तिच्या लेखी अचानक म्हणजे सापाचा दंश, नाहीतर माडावरून पडलेला माणूस. यादी एवढीच. मला ही यादी अजून पटते. पैशांवर बोलणारे हल्लीचे तज्ज्ञ तेवढे पटत नाहीत.

आजीनंतर हे खातं काकूकडे आलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि तांदळाच्या कोठीतली तिची सगळी माया भर ओटीवर उजेडात आली. काका कितीतरी दिवस नुसते हसत होते. काकूने शांतपणे नोटा बदलून आणल्या आणि जागाही बदलली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. पत्रे उडाले, पोफळी मधोमध मोडल्या. वीज गेली, टॉवर गेले, एटीएम मुकं झालं. खात्यात पैसे असलेली माणसं ताडपत्रीसाठी उधार मागत उभी. जनरेटरवाला मोबाइल चार्ज करून द्यायचा, पण रोखीने. काकू आत गेली, बाहेर आली, तेव्हा हातात नोटा होत्या. कुठून काढल्या, कोणी विचारलं नाही. तेव्हापासून माझ्याही मोबाइलच्या कव्हरमागे एक पाचशेची नोट असते. बायको हसते.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. म्हणजे वादळही आता अचानकच्या यादीत धरता येणार नाही.

नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. काकांनी रोपं लावली तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. काकू म्हणाली, “लावा खुशाल. खड्ड्यांची मजुरी मात्र माझ्याकडे मागू नका.”