हॉर्नशिवाय मुंबई नाका

सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला आमची २३ वर्षांची गाडी रुसली. स्टार्टर घुर्र घुर्र फिरतोय, पण इंजिन काही चालू होईना. चहावाल्यासकट सगळ्यांचं निदान एकच: "बॅटरी गेली." अहो, बॅटरी गेली असती तर स्टार्टर एवढा दणक्यात फिरला असता का?

मेकॅनिकदादा आले. म्हणाले, "चावी ऑनला ठेवा, सेल मारू नका. नुसतं ऐका." एरवी मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाची गुणगुण गायब! फ्यूज ठीक होता. मग त्यांनी हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) उपटून पंपाच्या रिलेच्या जागी खोचला (आमच्या गाडीत दोन्ही सारखेच). पहिल्याच सेलला सुरू.

नवा रिले उद्या मिळेल. आज मुंबई नाक्यावरून काच खाली करून "ओ भाऊ, सरका जरा" ओरडत घरी आलो.