घोडीचे पोट समजून घेताना : वैरण-चंदीची घडी बसवण्याचा माझा अनुभव

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात जनावर पसंत करणे, व्यवहार ठरवणे आणि ते गाडीत चढवून घरी आणणे ही कामे एखाद्या दिवसात उरकतात. पण घरी आणलेल्या घोडीच्या वैरण-चंदीची, म्हणजे चाऱ्याची आणि दाण्याच्या खुराकाची, घडी बसवायला आमचा सबंध हिवाळा गेला. खानदेशात गाय, म्हैस आणि बैल घरोघरी असल्यामुळे गुरांना काय, केव्हा आणि किती घालावे हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते, आणि तेच ज्ञान घोड्यालाही चालते असे बहुतेक जण धरून चालतात. ते चालत नाही. का चालत नाही हे एकदा नीट कळले की खाऊ घालण्याचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचू लागतात. म्हणून आमच्या घरी हे सगळे कसे जुळत गेले ते सविस्तर लिहीत आहे.

आमची घोडी मारवाडी जातीची, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेली आहे. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, तरुणपणी घोडी बाळगली होती, त्यामुळे बाजारात तिचे दात, खूर आणि चाल त्यांनी पाहिली. मी मात्र विकणाऱ्याला तिच्या खाण्याविषयी विचारत राहिले, कारण तशी सूचना आमच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच दिली होती. सकाळ-संध्याकाळ तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) भरून चंदी, तिच्यात भिजवलेला हरभरा, जवाचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि गूळ, आणि मधल्या वेळात थोडा लसूणघास (ल्युसर्न), असा तिचा खुराक होता. बाजारात अंगावर तकाकी दिसावी म्हणून चंदी वाढवली आहे, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याच्याकडची तयार चंदी पोत्यात भरून आणि वाळवलेल्या घासाचे गठ्ठे बांधून आम्ही ते घोडीबरोबरच विकत आणले. घरी कणग्या भरलेल्या असताना पैसे देऊन दाणा आणल्याबद्दल शेजारपाजारच्यांना नवल वाटले, पण त्या पोत्याने पुढे आमचे मोठे काम केले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि गोठ्यातल्या गाईकडे बोट दाखवून त्यांनी सुरुवात केली. ते म्हणाले, "ताई, गाईचे आणि घोडीचे खाणे एकच असले तरी पोटातला क्रम उलटा आहे." गाईच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव आधी चारा आंबवतात, गाय तो रवंथ करून पुन्हा चावते, आणि त्यानंतर अन्न आतड्यात जाते. त्यामुळे निकृष्ट चारा किंवा ढेप काहीही असले तरी सूक्ष्मजीवांचा पहारा ओलांडूनच ते पुढे सरकते. घोड्याला रवंथ नाही. त्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने अगदी लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते. तिथून अन्न वीसेक मीटर लांबीच्या लहान आतड्यातून झपाट्याने सरकते. दाण्यातला पिष्ट पदार्थ (स्टार्च), प्रथिने आणि स्निग्धांश पचवून घेण्याची संधी तेवढ्यातच असते. उरलेला तंतुमय चारा अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, आणि मोठ्या आतड्यात पोचतो, आणि सूक्ष्मजीव त्याला तिथे, म्हणजे शेवटी, आंबवतात. घोड्याला चाऱ्यातून मिळणारी बरीचशी ताकद या मागच्या भागात तयार होणाऱ्या आम्लांतून येते.

जठर लहान असण्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला. घोडा कुरणात मोकळा असला तर दिवसाचे सोळा ते अठरा तास तोंड चालवत राहतो, आणि त्याच्या शरीराची घडण तशीच आहे. जठरातले आम्ल सतत पाझरत असते, खाणे असो वा नसो. पित्ताशय नसल्यामुळे पित्तही साठून राहत नाही. त्या आम्लाला शमवणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. एक किलो वाळलेले गवत चावायला घोड्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो, तर एक किलो दाणा तो दहाएक मिनिटांत संपवतो. म्हणजे तोबरा भरून दिला की लाळ थोडी आणि पुढचे कित्येक तास जठर रिकामे, अशी स्थिती होते. जठराच्या वरच्या भागाच्या अस्तराला आम्लापासून संरक्षण नसते, तिथे व्रण पडतात. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की जास्त झालेले अन्न वर येऊच शकत नाही, आणि फुगलेले जठर फुटूनही घोडे दगावतात. आबा ओसरीवरून हे सगळे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "घोडीनं पोट धाकलं शे माय, थोडं थोडं टाक." म्हणजे घोडीचे पोट लहान आहे. त्यांना सूक्ष्मजीवांची नावे ठाऊक नव्हती, पण नियम त्यांनी अचूक सांगितला होता.

मग मोजमाप आले. घोडीला काट्यावर नेणे शक्य नव्हते, म्हणून डॉक्टरांनी शिंप्याकडची टेप मागवली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १६५ सेंटिमीटर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी १५५ सेंटिमीटर भरली. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन निघते. आमच्या घोडीचे सुमारे ३५५ किलो निघाले. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण तिच्या पोटात गेलीच पाहिजे, म्हणजे सव्वापाच ते सात किलो. आणि चंदी त्यानंतर, गरजेपुरती. याआधी आम्ही पेंढ्या मोजत होतो, पण पेंढी लहानमोठी असते. तेव्हापासून वैरण काट्यावर तोलून घालायची पद्धत सुरू झाली.

वैरणीत आमच्याकडे दादरचा, म्हणजे इथल्या रब्बी ज्वारीचा, कडबा मुबलक होता. सातपुड्याच्या पायथ्याकडून मारवेलीचे वाळलेले गवत आणवले, कारण नुसत्या कडब्यात प्रथिने फार कमी असतात. कडब्याची कुट्टी केली, पण कुट्टीयंत्र जरा लांब तुकड्यांवर लावून. कुट्टी अगदी बारीक झाली तर घोडा ती न चावता गिळत जातो; मग लाळ कमी मिळते आणि कोरडा गोळा आतड्यात अडकण्याचा धोका वाढतो. मोठ्या आतड्याला एके ठिकाणी तीव्र वळण आहे आणि तिथेच ते अरुंदही होते. असे गोळे बहुधा तिथे अडतात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो जुन्या खुराकावरून नव्या खुराकावर येण्यात. मागच्या आतड्यातले सूक्ष्मजीव ज्या अन्नाची सवय असेल त्याप्रमाणे वाढलेले असतात. गोबर गॅसच्या टाकीत शेणाऐवजी एकदम भलतेच काही ओतले तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो, तसेच इथे होते. फरक एवढाच की इथे टाकी जिवंत जनावराच्या पोटात असते. म्हणून विकत आणलेली चंदी आधी जशीच्या तशी, पण दोनऐवजी चार वेळांत वाटून दिली. नंतर दर दोन-तीन दिवसांनी तिच्यातला थोडा भाग काढायचा आणि त्या जागी आमची वैरण वाढवायची, असे करत पंधरवड्याहून थोडा अधिक काळ घेतला. लसूणघासही एकदम तोडला नाही.

या काळात माझे लक्ष लिदीवर असे. नीट पचलेली लीद ओलसर, गोलसर असते आणि जमिनीवर पडताच फुटते. निम्मी चंदी कमी झाली त्या सुमारास लीद सैल झाली, तिला आंबूस वास येऊ लागला आणि तिच्यात जवाचे न पचलेले कण दिसले. डॉक्टरांनी पुढे न जाता तेच प्रमाण काही दिवस कायम ठेवायला सांगितले, आणि कुशीला कान लावून पोटाचा आवाज ऐकायला शिकवले. उजव्या कुशीला वरच्या बाजूला कान लावला की दर थोड्या वेळाने दुरून गडगडत येऊन ओसरल्यासारखा आवाज येतो, तो अंधांत्राचा. आवाज येत राहिला तर चिंता नाही. तो बराच वेळ थांबला, किंवा घोडी वळून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, लोळू लागली, तर पोटशूळ समजून लगेच डॉक्टरांना बोलवायचे, घरगुती काढे पाजत बसायचे नाही. आम्हाला तशी वेळ आली नाही. लीद आठवड्याभरात सुधारली.

चंदीचा हिशेब यानंतर ठरला. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट पदार्थ जाऊ नये, म्हणजे आमच्या घोडीला एका वेळी जवाचा भरडा अर्ध्या किलोच्या आसपासच. त्याहून जास्त गेला तर लहान आतड्याला तो पुरता पचवता येत नाही आणि उरलेला मागे जाऊन वेगाने आंबतो. तिथली आम्लता वाढते, उपयोगी सूक्ष्मजीव मरतात आणि विषारी द्रव्ये रक्तात जातात. त्यातूनच पोटशूळ होतो आणि खुराच्या आतल्या थरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. पोटातल्या बिघाडाची किंमत पायाने मोजावी लागते, हे मला आजही अस्वस्थ करते. मक्याचा कच्चा दाणा आम्ही वगळला, कारण त्यातला पिष्ट पदार्थ लहान आतड्यात नीट पचत नाही.

दुभत्या गाईचे तयार पशुखाद्य घोडीच्या गव्हाणीजवळही ठेवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते चालते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याच्या थोड्याशा मात्रेनेही निकामी होतात. शेजारचे काका प्रेमाने सरकी ढेप घेऊन आले, तेव्हा ती मी घेतली आणि गाईला घातली. गव्हाचा कोंडाही बराच कमी केला. त्यात स्फुरद (फॉस्फरस) फार आणि कॅल्शियम थोडे असते; रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याचे शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते आणि चेहऱ्याची हाडे सुजतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तो थोड्या प्रमाणात कायम ठेवला.

घोडी नदीकाठच्या बाजारातून आलेली, म्हणून वाळूचीही तपासणी झाली. जमिनीवर टाकलेला चारा खाताना घोडा वाळू गिळतो, आणि ती जड असल्यामुळे मोठ्या आतड्यात तळाशी साठत जाते. लिदीच्या आतला, जमिनीला न लागलेला भाग काचेच्या बरणीत पाण्यात कालवून ठेवला, तर काही वेळाने तळाशी करड्या रंगाचा पातळ थर बसला. तापीची ती वाळू हाताला लागली तेव्हा गव्हाण ठेंगणी, पण जमिनीपासून सुटी करायचे ठरले. तिच्याखाली रबरी चटई टाकली. वैरण भरपूर राहिली की वाळूही हळूहळू पुढे सरकते; काही आठवड्यांनी बरणीतला थर दिसेनासा झाला.

पाण्याची अडचण थंडीने आणली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे हौदाचे पाणी हात लावू देत नाही, आणि अशा पाण्याला घोडी नुसते ओठ लावून मागे सरे. तिला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागते. कोरड्या कडब्यावर असताना पाणी कमी पडले तर गोळा अडकलाच म्हणून समजावे. सकाळी चुलीवर कोमट केलेले पाणी बादलीत मिसळून द्यायला लागलो आणि खडेमिठाचा खडा गव्हाणीत टांगला. ती बादली रिकामी करू लागली.

आता दिवसातून पाच वेळा वैरण पडते. शेवटची आणि सगळ्यांत मोठी वाटणी रात्री झोपण्यापूर्वी, म्हणजे रात्रभर तिचे जठर रिकामे राहत नाही. चंदी दोनदाच, तीही वैरण खाऊन झाल्यावर: थोडा जवाचा भरडा आणि रात्रभर भिजवलेला मूठ-दोन मूठ हरभरा. कोरडा हरभरा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. फेरफटक्याला काढण्यापूर्वीही तिला थोडी कुट्टी घालते. पोटात चाऱ्याचा थर असला की धावताना आम्ल उसळून वरच्या अस्तराला लागत नाही. पावसाळ्यात गंजीतल्या बुरशी आलेल्या पेंढ्या बाजूला काढून जाळतो, गुरांनाही घालत नाही. दादर-ज्वारीच्या हिरव्या शेतात घोडीला चरायला सोडत नाही, कारण हिरव्या ज्वारीवर राहिलेल्या घोड्यांना मूत्राशयाचे दुखणे होते आणि मागच्या पायांतला तोल जातो. वर्षातून एकदा डॉक्टर तिच्या दाढांच्या टोकदार कडा कानशीने घासून देतात. यंदा ते काम झाल्यापासून गव्हाणीत अर्धवट चावून टाकलेल्या कडब्याचे बोळे सापडत नाहीत.